आक्काने बाद केलेली रोपं

रोपवाटिकेत आक्काच्या हाताला मान होता. माती कालवणारे पुष्कळ होते, पाणी घालणारेही, पण विक्रीला जाणारी रोपं निवडायची ती आक्कानेच. ओळीच्या कडेला उकिडवी बसायची, पिशवी उजेडाकडे धरून एकदा फिरवायची, की झाला निवाडा. खाली एखादं पिवळं पान दिसलं तर रोप बाद. बाद रोपं शेडमागच्या खड्ड्यात जायची. तिची पाठ वळली की बाकीच्या बायका म्हणायच्या, "नवरासुद्धा हिने असाच फिरवून बघितला असणार!"

तिचा धाकटा भाऊ कारखान्यातली नोकरी सोडून खाडीलगतची जमीन कसायला आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. जमीन स्वस्तात मिळाली होती, कारण विहिरीचं पाणी मचूळ, खारवट होतं. त्याला डाळिंब लावायचं होतं. आक्का म्हणाली, "आधी तुझं पाणी माझ्याकडे आण."

त्याने डबे भरभरून पाणी आणलं. आक्काने त्याच्यासाठी बी रुजवून रोपं केली आणि त्यांना तेच पाणी घालायला सुरुवात केली. कुणाही गिऱ्हाइकासाठी तिने एवढं केलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत रोपांत फरक दिसू लागला. काही तशीच हिरवीगार राहिली, भराभर वर चढली. काहींनी वाढ आखडती घेतली. त्यांची पानं लहान, जाडसर झाली, खालची पिवळी पडून गळाली.

शेती केंद्रातल्या बाई एकदा फिरत आल्या होत्या. त्यांनी ही खुरटी रोपं न्याहाळली आणि म्हणाल्या, "आक्का, ही टाकू नका हं. झाड मुळाशीच मीठ अडवतं. जे चुकून आत शिरतं, ते जुन्या पानांत कोंबतं आणि ते पानच टाकून देतं. कोवळा शेंडा वाचवायचा असतो त्याला. वाढही म्हणूनच मंदावते."

आक्का हसली. "म्हणजे माझे गुडघे दुखतात, तेही शहाणपणच म्हणायचं का, बाई?"

सगळ्या बायका हसल्या. बाईही हसल्या. "निदान आणखी थोडं थांबून तरी बघा," एवढं म्हणून त्या पुढे गेल्या.

आक्का थांबली नाही. हिरवीगार तेवढी निवडून तिने भावाच्या गाडीत रचली, खुरटी खड्ड्यात टाकली. भावजय तेवढ्यात खड्ड्यापाशी घुटमळत होती. "वन्सं, ही मी नेऊ? धुण्याच्या दगडापाशी लावते. उघडंबोडकं दिसतं तिथं."

"ने बाई. आमच्या धाकट्याची बायको शोभतेस, कचराही सोडवत नाही तुला," आक्का म्हणाली.

ऊन तापायला लागलं तसा भावाचं येणं-जाणं कमी झालं. मग एके दुपारी आक्का स्वतःच शेतावर गेली. ओळीच्या ओळी करपल्या होत्या. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, शेंडे वाळून वाकडे. तिने एक रोप उपटलं, ते हातात अलगद आलं. आणि तिकडे धुण्याच्या दगडापाशी, गुडघ्याएवढी, बुंध्याशी उघडी, जाड पानांची तिची ती बाद रोपं उभी होती. शेंड्याला नवी लाल पालवी फुटलेली.

आक्का तिथेच दगडावर टेकली. तिला बाईंचं बोलणं शब्दाशब्दाने आठवलं, आणि आपलं हसणंही.

घरात भाऊ भिंतीला टेकून बसला होता. समोर त्याची जुनी कारखान्यातली बॅग, अर्धी भरलेली.

"चाललो परत," तो म्हणाला. "माझ्या हातालाच गुण नाही, आक्का. पाणी जास्त दिलं की कमी दिलं, ते कळेना."

"यांना तर घरात झाडूही नीट मारता येत नाही," भावजय आतून म्हणाली, पण आवाजात टोमणा नव्हता, रडू होतं.

आक्काच्या ओठांवर आलं होतं, पाण्याचाच दोष रे, तुझा काय. तेवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. त्याने मानलं असतं. तो तिचं सगळंच मानायचा, याचीच तिला लाज वाटली.

"तुझ्या हाताचा दोष नाही," ती म्हणाली. "मी चुकीची रोपं दिली. टिकणारी होती ती खड्ड्यात टाकली. मला सांगितलं होतं एकीने, मी हसण्यावारी नेलं."



"मी रोज पहाटे उठून स्वतःला शिव्या घालत होतो, आक्का."

"कळतंय रे."

"नाही कळत तुला." तो उठून बाहेर गेला. जाताना त्याने बॅग पायाने कोपऱ्यात सरकवली. आक्का एकटीच घरी परतली. निरोप द्यायला दारापर्यंत कुणी आलं नाही.

तिने पुन्हा बी रुजवलं, पुन्हा तेच मचूळ पाणी घातलं, आणि या खेपेला थांबली. भाऊ आला तो थेट ओळीपाशी. "या वेळी मी निवडणार," म्हणाला. आक्काने मान डोलावली आणि हात पाठीमागे धरून उभी राहिली. बायका कामं सोडून बघत होत्या, कुणी हसलं नाही.

तो खुरटी, उघड्या बुंध्याची रोपं उचलत गेला. त्यात एक असं उचललं की आक्का पुढे झुकली. गप्प बसावं तर त्याचं नुकसान, बोलावं तर कुठल्या तोंडाने.

"त्याचा शेंडाही पिवळा आहे बघ," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"खालची पानं टाकली तर झाड सावरतंय. शेंडाच पिवळा पडला तर ते आजारी आहे."

त्याने पिशवी उजेडाकडे धरली, फिरवली. तिच्याकडे न बघता ते रोप बाजूला ठेवलं आणि पुढचं उचललं.