डोमाजीच्या हातावरच्या चिंध्या

सरकारच्या कागदावर डोमाजी अकुशल होता. मला अजून त्या शब्दाचा राग येतो. नागभीडच्या अंगाला आमचं गाव. तिथं कोशाचं, म्हणजे जंगली रेशमाचं, धोतर विणावं तर डोमाजीनंच. बायको ठमाबाई मांडीवर कोशाचा धागा काढी, इतका बारीक की उन्हात धरला तरच दिसे. माग विणकर सोसायटीचा, पण डोमाजीच्याच घरात मांडलेला.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात जंगलातून कोश आलेच नाहीत. विणकाम थांबलं. घरात चार लेकरं. उन्हाळा लागला तसा डोमाजी आमच्याबरोबर रोजगार हमीच्या कामावर आला, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायला. नाव लिहिताना म्हणाला, "साहेब, विणकर लिवा."

कारकून हसला. "इथी कुदळ चालवा लागते भाऊ. अकुशल."

खोटं कशाला बोलू, त्या कामानं गाव जगलं. माझीही चूल त्यावरच पेटली.

डोमाजी हाताला चिंध्या गुंडाळून खणायचा. बाया चिडवायच्या, "नवरदेवाची हळद उतरली का नाई?" तो म्हणे, "हात खरखरीत झाला का धागा अडकते बाई. मंग माग कोन चालवंन?" पण चिंधीतून कुदळ निसटायची. मजुरीसाठी आम्हा चौघांचा खड्डा एकत्र मोजत, आणि तो रोज कमी भरायचा. एक दिवस मी तडकलेच. "डोमाजीभाऊ, तुमच्या हातापायी आमी काऊन उपाशी राहाव? सोडा ते चिंध्या!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. चिंध्या सोडल्या, नीट घडी केली, खिशात ठेवल्या. त्या दिवसापासून आमचं माप पुरं भरू लागलं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मिरगाच्या तोंडावर सोसायटीत कोश आले. आधी नमुना विणून दाखवा, मगच माग तुमच्याकडं राहील, असं सोसायटीनं ठरवलं. मी पाहायला गेले. डोमाजीनं ताणलेल्या धाग्यांवरून तळहात फिरवला आणि धागे हाताबरोबर वर उठले. भेगांत अडकले होते. एक सोडवावा तर दोन तुटत. ठमाबाईनं आठ दिवस मोहाच्या बियांचं तेल चोळलं होतं, पण हात काही ऐकेनात. नमुना नापास झाला, माग दुसऱ्या गावाला गेला. रिकाम्या खोलीत बसून ठमाबाई ढसाढसा रडली.  डोमाजीनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर नवा कारकून आला. माणूस भला होता. नाव लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "भाऊ, काही कारागिरी येते का? लिहून ठेवतो."

मी रांगेत डोमाजीच्या मागंच उभी. त्यानं कुदळ या हातातून त्या हातात घेतली.

"नाई जी," तो म्हणाला. "लिवा, अकुशल."

अहो, विणकर हाये तो! एवढं तरी मी ओरडून सांगायला हवं होतं. चिंध्या मीच सोडायला लावल्या होत्या.  कारकुनानं लिहिलं, आणि मला पुढं बोलावलं.