तळ्याकाठी पाणी कोणाचं

माझा धाकटा भाऊ जीवराम एवढा घाबरट कसा निघाला, हे आमच्या गावात कोणालाच सांगता येत नाही. मी तोताराम. जामनेर तालुक्यात कुठल्याही जिनिंगवर जा आणि माझं नाव सांगा, बसायला खुर्ची मिळते. शाळा माझी नववीपर्यंतच, पण मी बोलायला उभा राहिलो का सरपंच खाली बसतो. आणि त्याच आईच्या पोटचा हा जीवराम. बसवर जळगावची पाटी असली तरी स्टँडवरच्या माणसांना विचारणार, ही जळगावलेच जाते ना? वर चढून कंडक्टरला विचारणार. सीटवर बसल्यावर शेजारच्याला.

तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या उतरवून घेतो. संध्याकाळी सगळे घरी निघाले का हा पुन्हा एकदा कापसाच्या ढिगाभोवती फिरून येतो, कोणी बिडी तर टाकली नाही ना. मालक म्हणतो, जीवराम आहे म्हणून मला झोप लागते. जीवरामला मात्र लागत नाही. असा आहे माझा भाऊ. पण माझ्यासमोर त्याला कोणी घाबरट म्हणालं तर त्याची गय नाही. तो हक्क फक्त माझा.

त्याची एकुलती एक पोरगी मयुरी. ती दिली साक्रीकडे, छगनरावांच्या स्वप्नीलला. घर चांगलं, विहिरीला पाणी, दारात पिकअप. लग्नानंतर उन्हाळ्यात आम्ही दोघं भाऊ पोरीला भेटायला गेलो. छगनरावांनी काय थाट केला होता! खापरावरचे मांडे, आमरस, वर तूप. ताटं मांडली, तांब्या भरून ठेवला. आणि आम्ही दोघांनी ताटावर हात ठेवला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्या घराण्यात लेकीच्या घरचं अन्न तर सोडाच, पाणीसुद्धा घेत नाहीत, तिला मूल होईस्तोवर. आमच्या आजोबांनी भर उन्हात आत्याच्या दारातून कोरड्या घशानं परत येऊन दाखवलंय. आजकाल लोक सोडून देतात. आम्ही सोडत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं, मोठ्या आवाजात सांगितलं, कारण चांगली गोष्ट हळू का सांगायची?

छगनराव उठून उभे राहिले. म्हणाले, "त्या जुन्या गोष्टी गयात आते. माले माहीत शे बठ्ठं. पण घोटभर पाणी बी नही? मना घरना पाणीमा जहर शे का?"

जीवरामचा हात ग्लासाकडे गेला, मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. आम्ही निघालो. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मयुरी फोन करायची ती आईला, प्रमिलाबाईला. तेही हळू आवाजात.

मग कळलं की मयुरीला दिवस गेलेत. घरात पेढे आले, पण जीवरामच्या घशाखाली उतरेनात. कारण पाठोपाठ जावयाचा फोन आला. स्वप्नील तसा गरीब पोरगा, बियाण्यांच्या दुकानात बसतो. तो म्हणाला, "मामा, बाबा म्हणतात बाळंतपण इकडंच होईल. ज्या लोकांना आमचं पाणी चालत नाही, त्यांच्या घरी आमची सून कशाला पाठवायची?"

पहिलं बाळंतपण माहेरी नाही! प्रमिलाबाई पदराआड रडली. मी म्हटलं, मी जातो आणि सुनावून येतो. जीवराम म्हणाला, "भाऊ, तू जाऊ नको. तुह्या पाया पडतो, पण तू जाऊ नको."

आणि मग या माणसानं, जो शेजारच्या गावाला जाताना टॉर्च घेतो, जंगलात मुक्काम करायचं काढलं.

साक्रीच्या पुढे डोंगरात एक तळं आहे. त्याच्या काठी तिथल्या लोकांनी तंबू टाकलेत, दोन खोल्या बांधल्यात, नाशिकचे लोक येऊन राहतात. स्वप्नीलनं सांगितलं होतं त्याला. जीवरामचं म्हणणं असं, की ते आमच्या घरी येणार नाहीत, आपण त्यांच्या घरी जेवू शकत नाही. मग अशा जागी भेटू जिथं कोणाचाच उंबरा नाही.

मी म्हटलं, "जंगल त्यांच्या तालुक्यात. म्हणजे नाक घासत आपणच गेलो."

"भाऊ, जंगल सरकारचं आहे. तालुका बी सरकारचाच."

त्या दिवशी पहिल्यांदा तो मला उलट बोलला. मी ऐकून घेतलं, कारण मुद्दा बरोबर होता.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय नाही. त्या मुक्कामाचा बंदोबस्त झुलाल नावाचा माणूस बघतो. त्या बिचाऱ्याचा फोन जीवरामनं गरम करून टाकला. मी शेजारी बसलेला असायचो, स्पीकर चालू.

"झुलालभाऊ, तिथं बिबट्या येतो का?"

"जंगल शे भाऊ. शे एखादा. पण तो काय बुकिंग करीसन येस?"

"तसं नाही, पोरगी पोटुशी आहे माही."

"मंग तिले खोलीमा ठेवा. तंबूमा तुम्ही झोपा. बिबट्याले तुम्ही चालश्यात."

मी हसलो. जीवराम हसला नाही. त्यानं पुढं विचारलं, संडास कसा आहे, खाली बसायचा का खुर्चीचा? मयुरीला आता खाली बसवत नाही. खुर्चीचा एक आहे म्हटल्यावर विचारलं, दाराची कडी आतून नीट लागते का, आणि लागली तर नीट उघडते का? दवाखाना किती लांब? रस्त्यात खड्डे किती? मोबाईलला रेंज कुठं येते? झुलाल म्हणाला, "टेकडीवर महादेवना देऊळ जोडे." रेंज देवळाजवळच म्हटल्यावर जीवरामला नवी काळजी, रात्री पोटात दुखलं तर टेकडी कोण चढेल?

"मी चढीन," मी म्हटलं.

"भाऊ, तुहा गुडघा."

"माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

सगळ्यात मोठा घोर जेवणाचा. छगनरावांकडून काही आलं तर आम्हाला चालणार नाही, आम्ही काही नेलं तर ते शिवणार नाहीत. म्हणून स्वयंपाक तिथल्याच बायांनी करायचा. जीवरामनं झुलालला विचारलं, पीठ कोणाचं? तेल कोणाचं? मिरच्या कुठून आणता? झुलाल वैतागला. "भाऊ, तुम्ही जेवाले येतस का छापा टाकाले?" तरी यानं विचारून घेतलंच. पीठ त्यांच्या गावच्या चक्कीचं, तेल साक्रीच्या बाजारातलं, मिरच्या बायांच्या परसातल्या. छगनरावांचा कशालाच हात नाही. तेव्हा कुठं त्यानं पैसे पाठवले.

व्याही येणार का, ते मात्र कळेना. स्वप्नील म्हणायचा, "बाबा येतो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत." निघायच्या दिवसापर्यंत हेच. जीवरामनं रात्रभर अंगणात फेऱ्या मारल्या. प्रमिलाबाई म्हणाली, "तुम्ही झोपा नाहीतर तिथं जाऊन पडसान."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. थंडीचे दिवस, डोंगरावर गवत पिवळं झालेलं. तळं मोठं, निळं, काठापर्यंत भरलेलं. मी बरीच धरणं पाहिलीत, पण हे खरंच सुंदर होतं. जीवराम गाडीतून उतरल्या उतरल्या संडासाची कडी बघायला गेला.

मग पिकअपचा आवाज आला. छगनराव स्वतः चालवत होते. शेजारी मयुरी, मागे स्वप्नील. आले! मयुरी उतरली, पोट चांगलं दिसत होतं, चेहरा थोडा सुजलेला. प्रमिलाबाईनं तिला धरलं ते सोडेचना. जीवराम लांब उभा राहून बघत होता, जणू हात लावला तर काही मोडेल.

छगनरावांनी आम्हाला हात जोडले. आम्ही जोडले. आणि तेवढ्यात स्वप्नील पिकअपमधून पाण्याचे मोठे जार उतरवायला लागला.

जीवरामनं झुलालला बाजूला ओढलं. "हे काय?"

"आमनी बोरनी मोटर जळनी सकाळे," झुलाल म्हणाला. "तळानं पाणी जनावरं पेतस, पेवाले चालत नही. छगनआबाना मळा जोडेच शे. त्यासले फोन गया, त्या पाणी लई उनात. भला माणूस शे."

सगळं विचारलं होतं जीवरामनं. पीठ विचारलं, तेल विचारलं, मिरची विचारली. तळ्याकाठी चाललोय तर पाण्याचं काय विचारायचं, असं वाटलं होतं त्याला. मला पण तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आता पिण्याचं पाणी छगनरावांच्या विहिरीचं, त्याच पाण्यात डाळ शिजणार, त्याच पाण्यात पीठ मळणार.

चुलीजवळ सतरंजी टाकली होती. सगळे बसले. छगनरावांनी स्वतः ग्लास भरला आणि जीवरामसमोर ठेवला. नुसते बघत राहिले. मयुरी आईच्या खांद्याला टेकलेली होती, ती ताठ बसली. स्वप्नीलनं मान खाली घातली.

जीवरामनं ग्लास उचलला. ओठापर्यंत नेला आणि तिथं थांबला. माझ्याकडे बघायला लागला. जन्मभर तो असाच बघत आलाय, भाऊ काय म्हणतो. बैल घेताना, पोरगी देताना. मी नाही म्हटलं असतं तर त्यानं ग्लास खाली ठेवला असता, पोरगी गमावली असती, आणि मला एका शब्दानं बोलला नसता. हे मला त्या वेळी तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि मी घाबरलो. मी! तोताराम!

प्रमिलाबाई माझ्यासमोर कधी तोंड उघडत नाही. पदर सारखा करून ती खाली बघत बोलली. "भाऊजी, मूल होईस्तोवर म्हनतात ना? मग मूल झालंच आहे की. दिसत नाही, एवढंच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चुलीतली काडी फुटली.

मी घसा साफ केला. म्हटलं, "ऐका. घराण्याचा नियम सांगणारा मी. तर मोडायचा का ठेवायचा, तेही मीच सांगणार. आमच्या आजोबांच्या काळात असा प्रसंग आला असता तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. त्यांचं डोकं माझ्यासारखंच चालायचं. जीवराम, पी."

त्यानं एका दमात ग्लास रिकामा केला. मी माझा ग्लास स्वतः भरून घेतला आणि प्यालो, सगळ्यांना दिसेल असा.

छगनराव अजून बघतच होते. "कसं शे आमनं पाणी?"

आता कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, गोड आहे. जीवराम घाबरलेला असला की त्याला खोटं सुचत नाही. तो म्हणाला, "थोडं मचूळ आहे."

स्वप्नीलनं कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, झालं, आता जार परत पिकअपमध्ये. छगनराव एवढे मोठ्यानं हसले की झुलाल चुलीपासून वळून बघायला लागला.

"मचूळच शे! बठ्ठं गाव तोंडवर गोड म्हणस. हाऊ पहिला माणूस खरं बोलना." डोळे पुसत ते मयुरीकडे वळले. "सातव्या महिनामा जाय बेटा माहेरले. अन् बाळ झायं का मी येसू जामनेरले. तुमनं पाणी कसं शे ते मी बी सांगसू. मंग राग धरू नका."

प्रमिलाबाईनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मयुरी रडत होती आणि हसत पण होती. छगनराव मला म्हणाले, "मोठा भाऊ, ताट वाढू का?" मी म्हटलं, वाढा, भाकरी दोन घेईन.

जीवराम मात्र गाडीकडे बघत बसला होता. मी विचारलं, आता काय झालं? सगळं तर झालं मनासारखं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "सातव्या महिन्यात आणायचं म्हनजे चाळीसगावचा रस्ता धरायचा का धुळ्याचा? खड्डे कुठं कमी असतील?"