मामीची शिकवणी

माझ्या मामीला सुरकुती खपत नाही. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्यात तिची उभी हयात गेली. पाहुण्याने सोफ्यावरून उठायचा अवकाश, की हिने खोळ ताणलीच. आपल्या माणसात काही कमी आहे हे चारचौघांत दिसणं तर तिला त्याहून सोसत नाही.

मामा छपरावर पत्रे बसवायचा. ऐन उमेदीत एका गोदामाच्या छपरावरून घसरला आणि डोक्यावर आपटला. बरेच दिवस बेशुद्ध होता. मग उठला, कामालाही लागला. 'थोडक्यात वाचला' म्हणत आम्ही ते प्रकरण विसरून गेलो. तो साठीला टेकला आणि चाव्या फ्रीजमध्ये सापडायला लागल्या. घरासमोरच्या गल्लीत तो वाट चुकायला लागला.

डॉक्टरांनी त्याला मेंदूच्या संशोधन केंद्रात पाठवलं. डोक्याला जुना मार बसलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं तपासतात. आधी मेंदूचे फोटो काढतात, मग खोलीत बसवून प्रश्न विचारतात. आज वार कोणता, बायकोचं नाव काय. दर खेपेला तेच पाच शब्द वाचून दाखवतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. तेव्हाचा मार आणि आत्ताचा विसर यांचा संबंध कसा लागतो, हे त्यांना शोधायचं होतं. औषध नाही, उपचार नाही, नुसतं बघायचं. मामीच्या लेखी मात्र ती परीक्षा होती.

पहिल्या खेपेला ती त्याच्या शेजारीच बसली होती. मामाला पाचातले दोन शब्द आठवले. बाकीच्यांसाठी तो छताकडे बघत राहिला, मग ओशाळून हसला. ते हसू मामीने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. सकाळचा चहा झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसायची.

"अहो, शब्द सांगा."

"शिडी, लिंबू, रुमाल, घंटा..."

"पुढे?"

"पुढचं काय बरं?"

"होडी. परत पहिल्यापासून."

मी एकदा न राहवून बोलले, "अगं मामी, तो खरा कसा आहे, तेच बघायचंय ना त्यांना?"

"तुला काय जातंय बोलायला? हसं यांचं होतं."

मला भयंकर राग यायचा. पण तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी नुसती त्यांची गाडी चालवायचे.

आणि मामा पास होत राहिला! फोटोत मेंदू दर खेपेला आणखी आक्रसलेला, मार्क मात्र वाढलेले. केंद्रातली शहाणी माणसं चक्रावली. याला कोणती गोष्ट सावरून धरते आहे, हे शोधायला त्यांनी जादा तपासण्या लावल्या. ती गोष्ट बाहेरच्या बाकावर पर्स घेऊन बसलेली असायची.

यंदा प्रश्न विचारायला नवी डॉक्टर आली होती. घरचं कुणी आत बसा म्हणाली, तर मामीने मला ढकललं. "मी असले की ते माझ्याच तोंडाकडे बघतात."

डॉक्टरने वेगळेच शब्द वाचले. "गवत, चमचा, खिडकी, मीठ, घोडा." थोड्या वेळाने तिने ते परत विचारले.

मामाने धडाधड सांगितले, "शिडी, लिंबू, रुमाल, घंटा, होडी."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"काका, हे शब्द कुठे शिकलात?"

"घरी. रोज अभ्यास असतो."

"कोण घेतं?"

दाराला काच होती. पलीकडे मामी ताठ बसली होती. मामाने तिच्याकडे बोट दाखवलं. "त्या बाई. कडक आहेत, पण मनाने चांगल्या."

"आणि तुमच्या पत्नी?"

त्याने मामीचं नाव सांगितलं, आडनावासकट, जराही न अडखळता. तेही घोकलेलंच होतं.

"त्या कुठे असतात?"

"ती कामावर गेलीय. हॉटेलात. संध्याकाळी येईल."

गेले काही महिने तो मामीला 'बाई' म्हणत होता. 'हो बाई, चुकलं बाई.' बायकोची थट्टा करतोय असं समजून आम्ही पोट धरधरून हसलो होतो. आता मला त्या हसण्याची शरम वाटली.

डॉक्टरने मामीला बाजूच्या खोलीत बोलावलं. काय झालं ते मीच सांगितलं, सगळं, त्याच्या शब्दांत. मला वाटलं, ती माझ्यावर उसळेल. तिने मांडीवरची पर्स सरळ केली.

"मी शिकवलं म्हणून झालं का हे?" तिने विचारलं.

"नाही काकू. आजार वाढतच होता. शिकवण्याने तो झाकला गेला, एवढंच."

मग डॉक्टरने नेहमीचे घरच्यांसाठीचे प्रश्न विचारले. यांना एकटं ठेवता येतं का, गॅस पेटवतात का, कपडे आपले आपण घालतात का. आजवर मामीचं ठरलेलं उत्तर असायचं, 'काही म्हणजे काही त्रास नाही.' आज तिने उघडा राहिलेला गॅस सांगितला, उलटा घातलेला शर्ट सांगितला, पोलिसांनी घरी आणून सोडलं होतं तेही सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढं सगळं ती एकटी ओढत होती. मला रडू फुटलं. तिचे डोळे कोरडेच होते.

"आधीचे मार्क खोडा," ती म्हणाली. "ते माझे होते."

परतताना दोघं गाडीत मागे बसली. मामा खिडकीबाहेर बघत होता. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, आज माझं चुकलं ना?"

"थोडंसं."

"आमच्या हिला सांगू नका हं. ती फार मनाला लावून घेते."

समोरचा सिग्नल सुटला होता, पण मला गाडी पुढे घेता येईना.

"नाही सांगणार," मामी म्हणाली.