चौकातलं घर

सक्करदऱ्यातल्या आमच्या शेजारच्या मावशी फोटो बघताना चष्मा कपाळावर चढवतात, फोन नाकाशी नेतात आणि समोरच्याला आधी थांबवतात. यंदा मुली, जावई, नातवंडं आणि त्या स्वतः असे सगळे फ्रान्समधल्या एका खेड्यात सुट्टीला जाणार आहेत. भाड्याचं घर निवडायला त्यांनी मलाही बोलावलं. परदेशातला बंगला म्हटलं की माझ्या मोर्च्यांची पत्रकं लिहिणाऱ्या डोक्यात ठिणग्या उडतात, पण मावशींना नाही म्हणवत नाही.

थोरल्या मुलीनं एक देखणा बंगला दाखवला. भोवती द्राक्षमळा, पोहायचा तलाव, गावापासून लांब.

"थांब वं. लांब काहून?"

"शांत राहते ना आई!"

"गावाबाहेरची शांतता माह्या बापानं लय पाहिली. गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते त्याले. माहे नातू गावाच्या मधात राहतीन."

मुलीनं बंगल्याचा फोटो सरकवला. मग तिनंच चौकातलं एक जुनं घर शोधलं. खोल्या लहान, तलाव नाही, पण दारासमोर पिण्याच्या पाण्याचं दगडी कारंजं.

"थांब गा," मावशी मला म्हणाल्या. "हे पाणी कोणीबी भरते?"

"कोणीबी."

"मंग हेच घ्या. पहिली कळशी मी भरीन."

"आई, तिथं कळशी कुठून आणशीन?"

"इथून नेईन."