नदीवर आपलं कोण राहतं?

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फिरायला जाणं म्हणजे काय ते सत्तर वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी नाचणगावात किराणा दुकान चालवलं. दिवाळीपासून दुकानात माझा नवरा निकेश बसतो, म्हणून रविवारी नातवंडांना फिरवायचं काम मामाजींनी हौसेनं अंगावर घेतलं.

नंदिनी सहा वर्षांची, ऋतिक चार. पहिल्या रविवारी दोघं उड्या मारत गेली आणि तोंड पाडून परत आली. कुठे गेला होतात? तर पुलगावात मामाजींचे जुने दोस्त किसनराव यांच्याकडे. दुसऱ्या रविवारी देवळीला, मामाजींच्या मावसबहिणीकडे. तिथे सोफ्यावर बसायचं, पाया पडायचं, कितवीत आहेस ते सांगायचं. वर एक बिस्किटाचा पुडा न्यायचा, त्या घरच्या लेकरांसाठी. रिकाम्या हातानं कोणाकडे जायचं नाही, ही मामाजींची शिस्त. तो पुडा बसमध्ये ऋतिकच्या मांडीवर, आणि फोडायचा नाही! सांगा बरं, चार वर्षांच्या पोराचा असा छळ करतात का?

चौथ्या रविवारी नंदिनी पलंगाखाली घुसली.

"मी नाई येत आबासोबत. आबा फिराले नाई नेत, लोकायच्या घरी बसवून ठेवते."

मामाजी चपला घालून तयार होते. ते दारातच थबकले.

"फिराले जाचं म्हंजे कोनाकडे तरीच जाचं न बाप्पा," ते मला म्हणाले. "नाईतं मानूस जाईन कुठं?"

"नदीवर!" पलंगाखालून उत्तर आलं.

"नदीवर आपलं कोन राह्यते?"

मला हसूच फुटलं. पण ते खरंच विचारत होते. मग हळूच म्हणाले, "निकेश लहान होता तवा मी दुकानातच. आता हे लेकरंबी जवळ नाई आले तं काय करू, रीता?"

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, चला, मीही येते.

वर्ध्याला बस बदलून आम्ही पवनारला उतरलो. धाम नदीला घोट्याएवढं पाणी होतं. पोरं त्यात शिरली ती शिरलीच. मामाजी मात्र पिशवी धरून उभे. बसा म्हणणारं कोणी नव्हतं ना! शेवटी एक दगड रुमालानं पुसून बसले.

"आता काय कराचं?"

"काही नाही, मामाजी."

"काहीच नाई?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "मंग उठाचं कवा?"

कोणाकडे गेलं की चहा होतो, मग माणूस उठतो. इथे चहाच येणार नव्हता. माझाही गोंधळ उडाला.

मग त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. सवयीनं आणलाच होता. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"हा कोनाले देऊ वं?"

तेवढ्यात ऋतिक ओलाचिंब होऊन आला आणि पुड्याकडे पाहत उभा राहिला. हात पुढे केला नाही, मागितलंही नाही. मांडीवर पुडा धरून धरून शिकला होता बिचारा.

मामाजी त्याच्याकडे पाहतच राहिले. "निकेशबी दुकानात असाच पुडा धरून बसे," ते म्हणाले. "त्याले कधी एक नाई देल्लं मी." आणि त्यांनी दातानं पुडा फाडला. निम्मी बिस्किटं दगडावर सांडली, दोन पाण्यात गेली. नंदिनी आरडाओरडा करत धावत आली. दोन बिस्किटं मामाजींनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ते उठले, नदीकडे तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाले, "बरं, येतो मंग."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोर कोणीच नाही. ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

पाण्यातून नंदिनी ओरडली, "येजो बरं, आबा! पुढच्या रविवारी येजो. अन् आम्हालेबी आनजो!"