चूल बंद, लेखन चालू

माझ्या पहिल्याच पानाने आमच्या घरात एक मयत घडवून आणली.

सत्तर सालानंतरची गोष्ट, गाव मेडशी. बाबा कारंज्याच्या जिनिंगमधून छातीत कापूस भरून घरी परतले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांची मागणी एकच. "माही गोष्ट लिव. मेल्यावर नाही, मले जित्तेपनी आयकाची हाये!" मी मॅट्रिक पास, म्हणजे घरातला एकमेव साहित्यिक! मी जाहीर केलं, "रोज थोडं लिवतो, पन माह्या चालीनं. कोनी घाई कराची नाही."

आईने ते भलतंच मनावर घेतलं. रविवारी मी लिहायला बसलो आणि तिने घरात संचारबंदी लावली. "भांडं वाजलं तं याचं वाक्य सांडते," म्हणून चूलच पेटवली नाही. बाबांना खोकायचीही बंदी! ते बिचारे तोंडावरून पांघरूण घेऊन आतल्या आत खोकत पडले. आई डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात गुमान बसली.

आता दिवस डोक्यावर आला तरी चूल थंड, असं घर आमच्याकडे मयतीचंच असतं. अशा घरी शेजाऱ्यांनी भाकरी न्यायची रीत. धूर दिसेना म्हणून शेजारच्या रहेमतचाची डोकावल्या. आईने ओठांवर बोट ठेवलं. चाचींनी पांघरुणाखालचे बाबा पाहिले आणि तोंडाला पदर लावून माघारी पळाल्या!

थोड्याच वेळात अंगणात टोपलीभर भाकरी, बेसन आणि बाबांच्या आठवणी सांगत बसलेलं अर्धं गाव. (मी उपमा शोधत होतो, मान वर केली नाही.) दुपारी निरोप मिळून जवळच्या मालेगावहून मामा एसटीने आला आणि त्याने दारातच हंबरडा फोडला, "भाऊजी! काहून गेले जी आमाले सोडून!"

पांघरूण उडालं. "अबे, आतातरी खोकू द्या मले!"

चाची किंचाळल्या. बाबांनी पोटभर खोकून घेतलं, मग आपल्याच मयतीची भाकरी मागितली. "बोला ना, थांबले काहून? चांगलं बोलून राह्यले होते!"

लोक ओशाळून पांगले. बाबा माझ्याकडे वळले. "यायनं घडीभरात माही सारी जिंदगी सांगतली. तू काय लिवलं?"

मी वाचलं, "मेडशी हे एक गाव आहे."

"बरं हाये. मी कवा येतो त्याच्यात?"

"येता बाबा. घाई नका करू."

ते हसले.

त्याच हिवाळ्यात बाबा खरोखरच गेले. मी मात्र शब्दाला पक्का! अजूनही रोज थोडं लिहितोच, माझ्या चालीनं. गावाची वेस झाली, नदी झाली, चिंचासुद्धा लिहून झाल्या. बाबांचा तेवढा जन्म व्हायचाय.