लुकसची दुसरी कॅसेट

फोन आला तेव्हा मी एका टीव्हीच्या पाठीत डोकं घालून बसलो होतो. कोपरगावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, रेडिओ, टीव्ही, टेप, जे येईल ते. फोन शेजारच्या एसटीडी बूथवर येतो. बूथवाल्यानं हाक मारली, “मधूभाऊ, मिशनातल्या सिस्टरांचा फोन!” सिस्टर म्हणाल्या, “लुकस मास्तर गेले. सकाळी, नगरच्या दवाखान्यात.” मी “बरं” म्हणालो. परत येऊन बसलो. सोल्डरची सळई तापलेलीच होती, म्हणून राहिलेले सांधे जोडले, मागचं झाकण बसवलं आणि संच लावून पाहिला. चित्र स्वच्छ आलं. साबणाची जाहिरात चालली होती. ती संपेपर्यंत पाहिली आणि मग शटर ओढलं... आता महिना होत आला. लोक म्हणतात, मधूला धक्का बसलाय. मला तसं काही वाटत नाही. खरं तर काहीच वाटत नाही, आणि तक्रार असली तर तीच आहे. या पुरवणीचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, लुकसवर तुम्हीच लिहा. लिहिणं हा माझा धंदा नाही, पण हात रिकामा ठेवण्यापेक्षा बरं, म्हणून बसलोय.

लुकस हा मिशनाचा प्रचारक. फादर देवळात मिस्सा, म्हणजे उपासना करणार, आणि बाकी गावोगाव फिरून पोरांना प्रार्थना शिकवणं, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवणं, भांडणं सोडवणं, हे सगळं प्रचारकाच्या गळ्यात. शाळेत तो कधी शिकवायला नव्हता, तरी अशा माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. मी एकटाच त्याला अरे-तुरे करायचो, कारण आमची घरं एकाच वस्तीतली. त्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, माझे वडील छप्पन्न सालानंतर बौद्ध झाले. त्यांच्या ओटीवर क्रूस, समोर आमच्या ओटीवर बुद्धाची तसबीर, आणि मधल्या अंगणात आम्ही दोघं विटीदांडू खेळायचो. माझे वडील वारले तेव्हा लुकस आमच्यात येऊन बसला आणि वंदना चालू झाल्यावर हात जोडून आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाला. ती त्याला लहानपणापासून ऐकून पाठ होती.

नव्वद सालाच्या आसपास मिशनात रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि पेट्रोलवर चालणारा जनरेटर आला. येशूच्या जीवनावरचा मराठीत बोलणारा एक सिनेमाही आला, दोन कॅसेटींमध्ये. मशीन कोणाला येत नव्हतं, म्हणून लुकस माझ्याकडे. “तू नुसता मशीन बघ, देवाचं मी बघतो,” म्हणाला. मी म्हणालो, देव बघायला सोपा आहे, जनरेटर बघून दाखव. असं म्हणता म्हणता मी मिशनाच्या जीपमध्ये जो बसलो तो बसलोच. दसऱ्यानंतर पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर उतरतात. त्यात काही कॅथलिक घरं असतात. सहा महिने ती आपल्या देवळापासून, फादरांपासून लांब, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. लुकसचं म्हणणं, त्यांनी आपल्याकडे येण्याची वाट बघायची नाही, आपण जायचं.

पहिल्या खेळाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. माणसं फडावरून येऊन हातपाय धुतात ना धुतात तोच आम्ही मुकादमाच्या बैलगाडीवर टीव्ही चढवला. कॅथलिक घरं चार-पाच असतील, पण बघायला सगळी टोळी. पहिली कॅसेट संपते ती येशूला क्रूसावरून उतरवतात, त्याची आई त्याला मांडीवर घेते आणि मग त्याला थडग्यात ठेवून दगड लावतात, तिथं. दुसरी कॅसेट उद्या, असं सांगून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो, मी वायरी सोडतोय, तोवर हिराबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. ती काही ख्रिस्ती नव्हती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पिठल्याचं पातेलं. मागं आणखी तिघी-चौघी, प्रत्येकीच्या हातात काही ना काही.

“मास्तर, हे त्या माउलीला पोचवा,” ती म्हणाली.

“कुठल्या माउलीला?”

“काल लेकराला मांडीवर घिऊन बसल्याली. तिच्या घरी आज चूल पेटली नसंल. कुनी कडू घास दिला का न्हाई तिला?”

मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे भाकरी घेऊन जातात आणि समोर बसून खायला लावतात, तो कडू घास. हे आपल्याला कुणाला सांगावं लागत नाही. पण टीव्हीतल्या बाईला? मला हसू फुटणारच होतं. मी लुकसकडे पाहिलं, म्हटलं आता हा समजावून सांगणार की हा सिनेमा आहे, बाई, हे फार जुनं आहे. लुकसनं काहीही समजावलं नाही. तो खाली मातीत बसला, फडकं सोडलं आणि म्हणाला, “मी तिच्यातलाच हाय. माज्याकडं द्या.” आणि जेवायला लागला. बायका भोवती बसल्या, एकजण म्हणाली, अजून घ्या, उपाशी राहू नका. त्यानं प्रत्येकीचं खाल्लं. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी मात्र आपला हातात दुसरी कॅसेट घेऊन उभा.

हात धुऊन तो उठला आणि मला म्हणाला, “ऱ्हाऊ दे. मशीन बंद कर.” मग टीव्हीच्या शेजारी उभा राहून पुढचं सगळं, येशू तिसऱ्या दिवशी थडग्यातून जिवंत उठला ते, त्यानं तोंडानं सांगितलं. येताना जीपमध्ये मी चिडलो होतो, एवढं पेट्रोल जाळून आलो ते कशाला? तो म्हणाला, “अरं, ज्यांनी घास आनला त्यांना काय पडदा दाखवायचा? मयताच्या घरी चांगली बातमी असली तर मानूस पाठवत्यात का न्हाई?” त्या दिवसापासून तीच रीत पडली. दोन दिवसांचा खेळ एका संध्याकाळचा झाला. पहिली कॅसेट संपली की जनरेटर बंद, मी अंधारात वायरी गुंडाळायला लागायचो आणि कंदिलापाशी उभा राहून लुकस सांगायचा. फादर कुरकुरले, मग त्यांनीही नाद सोडला. दुसरी कॅसेट डब्यात पडून राहिली आणि तिला बुरशी धरली.

किती कोप्यांवर, किती वस्त्यांवर मी ते ऐकलं असेल, नेवाशापर्यंत गेलो आम्ही. माझा त्या गोष्टीवर विश्वास आहे का, हे लुकसनं मला कधीही विचारलं नाही. एकदाच, परतीच्या वाटेवर म्हणाला, “मधू, तुला काय वाटतं रे?” मी म्हटलं, “पेट्रोल संपत आलंय असं वाटतं.” तो इतका हसला की जीप बाजूला घ्यावी लागली. धर्म पटवून द्यायला तो कधी कोणाशी वाद घालत बसला नाही. टोळीतली एखादी बाई बाळंतपणात अडली की तिला दवाखान्यात नेऊन बाहेर बाकावर बसून राहायचा. तिचा नवरा यायचा, मुकादम यायचा, आणि मास्तर अजून बसलेलेच. मग लोक आपण होऊन विचारायचे, तुमी कोन, कुठले, कशासाठी करता हे...

मागच्या वर्षी मिशनात नवे तरुण फादर आले आणि त्यांच्याबरोबर कम्प्युटर आला. फादर उत्साही माणूस. म्हणाले, मास्तर कुठं कुठं पुरणार? त्यांचं सांगणं आपण रेकॉर्ड करू, सीडी काढू, एकाच वेळी ती शंभर घरांत बोलेल, पुढेमागे इंटरनेटवर टाकू, जगात कुणीही ऐकेल. मला ते पटलं होतं, आणि लुकसलाही. तो आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला. माइकसमोर बसला, मी कानाला हेडफोन लावले. आणि लुकस जे बोलायला लागला ते ऐकून मी कपाळावर हात मारला. “प्रिय बंधुभगिनींनो, त्या पवित्र प्रभातसमयी...” मी थांबवलं. म्हटलं, लुकस, हे कोणाचं बोलतोयस? तिकडं बोलतोस तसं बोल की. त्यानं पुन्हा सुरू केलं, पुन्हा प्रभातसमयी. शेवटी हताश होऊन म्हणाला, “तिकडं म्होरं मानसं असत्यात रं. हितं ही डबी.” फादर म्हणाले, असू द्या, हेही छान आहे, हंगाम संपला की निवांत पुन्हा करू.

पुन्हा करायला सवड मिळाली नाही. आवाज बसला, तेव्हा आम्ही थट्टा केली की कम्प्युटरनं मास्तरांचा आवाज चोरला. मग नगरला तपासण्या झाल्या आणि घशाचं जे निघायचं ते निघालं. माणूस उन्हाळाभर कुजबुजत राहिला, नंतर तेही थांबलं. मी रविवारी त्याच्या घरी जायचो, कॉटशेजारी बसायचो, त्याचा रेडिओ उगाच उघडून साफ करायचो. शेवटच्या रविवारी त्यानं माझा हात धरून ठेवला होता. काही सांगायचं असावं... मी त्याच्या ओठांकडे बघत राहिलो, आणि मग त्याला नगरला न्यायला मिशनाची जीप आली.

इथवर लिहून झालं, आणि लुकसला महिना झाला. त्या दिवशीच्या मिस्सेला फादरांनी वेदीपाशी स्पीकर लावले आणि ती सीडी लावली. त्यांचा हेतू चांगलाच होता. देवळात “त्या पवित्र प्रभातसमयी” सुरू झालं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी आवाजाकडे कारागिरासारखा लक्ष देत होतो, खरखर फार नव्हती. शेजारच्या बाकावर मार्थावहिनी, लुकसची बायको. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “भाऊजी, हे कोन बोलतंय?”

दोन दिवसांनी तिनं निरोप पाठवला. दिवस कलताना गेलो. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मला पाट दिला. म्हणाली, “भाऊजी, इतकी वर्सं ते रानोमाळ जाऊन लोकांना सांगत फिरले. मी एकदा बी आले न्हाई. पोरं, म्हस, सासूबाई... कोन बघनार? काय सांगायचे ते तिकडं?”

मी म्हणालो, फादरांना विचारा, त्यांना जास्त माहीत.

“फादरांना बायबल ठाऊक हाय. ह्यांचं न्हाई ठाऊक. तुमच्या कानात हाय ना सगळं?”

“वहिनी, मी तर त्यातला नाही. माझ्या तोंडून कसं वाटेल ते?”

“मला ह्यांचंच ऐकायचंय. तुमचं कुठं मागतीय?” तिच्या आवाजात राग होता. महिन्यात ती रडली नव्हती, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. आम्ही दोघं एका माळेचे मणी. आणि माझ्या लक्षात आलं की लुकसचं ते सांगणं आता कुठल्याही यंत्रात नाही. मी सांगितलं नाही तर या बाईला ते कधीच मिळणार नाही.

मग मी सांगायला लागलो. सपाट आवाजात, बाराखडी म्हणावी तसं, पण शब्द त्याचेच. “अंधार हुता तवाच बायका निघाल्या. तुमी फडावर निघता, तशाच. हातात कोयता नव्हता, मेलेल्या अंगाला लावायचं तेल हुतं. वाटंत एकच घोर, की त्यो धोंडा कोन सारील? बाप्ये मानसं तर भिऊन दार लावून बसल्याली. जाऊन बघत्यात तर धोंडा बाजूला, जागा मोकळी. बाकीच्या गेल्या पळून. एक तिथंच ऱ्हायली, रडत. मागं कुनीतरी हुबं ऱ्हायलं. तिला वाटलं, मळ्याचा राखनदार असंल. त्यो म्हनला, का गं बाई, कोन हरवलंय तुजं...”

वहिनीचा हात परातीत थांबला. “काय म्हनला?”

“का गं बाई, कोन हरवलंय तुजं?”

“हे तर म्हशीला म्हनायचे!” ती माझ्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच गोठा आहे. “कवाच्या काळी तिचं रेडकू गेल्तं. पान्हा सोडंना. तवापासनं वैरन टाकताना, धार काढताना, तिच्या पाठीवरून हात फिरवत हेच म्हनायचे. धोंडा कोन सारील, बाप्ये दार लावून बसले, समदं हेच! मी हितं भाकरी थापीत ऐकायची. मला वाटायचं, ह्यांना येड लागलं, जनावरासंगं गप्पा मारत्यात.” तिनं पिठाचे हात झटकले. “गळा गेल्यावर बी जायचे. नुसते ओठ हलायचे.”

मी म्हणालो, “मग पुढचं...”

“पुढचं मला येतंय,” ती म्हणाली. आणि तिनं सांगितलं. ती बाई म्हणते, तुम्ही त्याला उचलून नेलं असेल तर सांगा, मी त्याला घरी नेते. मग तो तिला तिच्या नावानं हाक मारतो, तोंडाकडे बघून जे कळलं नव्हतं ते आवाजावरून कळतं, की हा येशूच, आणि ती उठून पळत सुटते, दार लावून बसलेल्यांना सांगायला. लुकस जिथं थांबायचा तिथं ती थांबायची, जिथं घाई करायचा तिथं घाई. एक शब्द इकडचा तिकडे नाही. भाकरी तव्यावर करपली.

पलीकडे म्हैस ओरडली. धारेची वेळ टळून गेली होती. वहिनी उठली, तवा उतरवला, चरवी घेतली आणि मागच्या दारानं गेली. मी पाटावर एकटाच बसून राहिलो. भिंतीपलीकडे गव्हाणीत वैरण पडल्याचा आवाज आला, मग चरवीत पहिली धार वाजली. आणि मग तिचा आवाज, रडण्यानं फाटलेला, पण थांबत नव्हता, “का गं बाई... का गं बाई, कोन हरवलंय तुजं?” त्या भिंतीमागं तो आवाज लुकसचा असायला हवा होता. नव्हता. तेव्हा मला कळलं की लुकस गेला, आणि मी तिथंच, तिच्या चुलीपुढं, तोंडावर हात दाबून रडलो.